मुख्यालयी राहणे

सरकारी मराठीत 'मुख्यालयी राहणे' असा एक शब्दप्रयोग आहे. नोकरीचे ठिकाण जेथे असेल तेथेच कर्मचाऱ्याने वास्तव्य करावे, एवढाच त्याचा अर्थ. जिल्हा परिषदेच्या शिक्षकापासून तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांच्यापर्यंत सर्वांच्या मागे तो लागलेला असतो. घरभाडे भत्ता त्याला बांधलेला असतो आणि कधी कधी ग्रामसभेच्या ठरावापर्यंत त्याचा पुरावा मागितला जातो. यावरचा वाद जुना आहे. एका बाजूने शिस्तीची भाषा बोलली जाते, दुसऱ्या बाजूने हक्काची, आणि दोन्ही बाजू अखेरीस भत्त्याच्या आकड्यावर येऊन थांबतात. एखाद्या ठिकाणी राहिल्याने शिकवणाऱ्या माणसाच्या शिकवण्यात नेमका काय फरक पडतो, हा प्रश्न मात्र त्या वादात फारसा कुणी विचारत नाही. तो निदान साहित्य शिकवणाऱ्यांनी तरी विचारायला हवा, कारण 'प्रदेश', 'परिसर', 'ग्रामीण जाणीव', 'देशीयता' हे शब्द वर्षभर फळ्यावर लिहून आम्हीच आपला पगार मिळवतो.

तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत शिकवणारा आमचा वर्ग बव्हंशी 'अप-डाऊन' करतो. मोहोळ ते सोलापूर अंतर सुमारे ३५ किलोमीटर. महामार्ग चौपदरी आहे. सावळेश्वरचा टोलनाका, लांबोटीजवळचा सीनेवरील पूल, चिंचोळीची औद्योगिक वसाहत, मग केगावचे विद्यापीठ आणि लगेच शहर, असा हा रस्ता आमच्यातील अनेकांना झोपेतही पाठ असतो. २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट झाल्याने सहकारी प्राध्यापिकांचा हा प्रवास थोडा स्वस्तही झाला. सकाळी येऊन दुपारी परतणाऱ्या या मंडळींना मोहोळ दिसते ते स्थानकापासून महाविद्यालयापर्यंत. आम्ही शहर सोडून येथे राहायला आलो तेव्हा आम्हांला विचारले गेलेले प्रश्न नमुनेदार होते. "सोलापुरात काही अडचण झाली का?", "मुलांच्या शाळेचे काय?", आणि अगदी जवळच्यांनी हळू आवाजात, "कर्ज वगैरे?" हौसेने कुणी या दिशेने येते, यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता.

त्यांचेही चूक नाही. आपल्याकडे स्थलांतराची एक शिडी ठरून गेलेली आहे. नरखेडच्या मुलाने मोहोळला यावे, मोहोळच्याने सोलापूरला, सोलापूरच्याने पुण्याला, पुण्याच्याने परदेशी. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, १८७७ मध्ये तेथे पहिली कापड गिरणी निघाली, आणि आसपासच्या तालुक्यांतून माणसे त्या भोंग्याच्या आवाजाकडे चालू लागली. गिरण्या गेल्या; चालण्याची सवय राहिली, दिशा फक्त पुण्याकडे वळली. आज सोलापूरकर स्वतःच आपल्या शहराला 'मोठे खेडे' म्हणतात आणि शनिवारच्या गाडीने येणाऱ्या मुलांची वाट पाहतात. अशा शिडीवर एखादी पायरी उतरून खाली येणारा माणूस एक तर निवृत्त असला पाहिजे किंवा नापास.

मोठ्या शहराच्या जवळ असणे हे छोट्या गावाचे भाग्य मानले जाते. आमचे निरीक्षण उलट आहे. वडाच्या झाडाखाली दुसरे झाड वाढत नाही. हेच मोहोळ सोलापूरपासून दीडशे किलोमीटरवर असते तर येथे एखादे बरे पुस्तकांचे दुकान असते, नाटकाचा पडदा वर जाईल असे सभागृह असते, आपल्यापुरते का होईना एखादे साहित्य मंडळ असते. ३५ किलोमीटरवर शहर आहे म्हटल्यावर या कशाचीच 'गरज' उरत नाही. "सोलापूर काय, अर्ध्या तासावर" हे वाक्य येथे प्रत्येक उणिवेवरचे उत्तर म्हणून वापरले जाते. त्यातून दुसऱ्या बाजूला सुमारे ४० किलोमीटरवर पंढरपूर. सिद्धरामेश्वरांचे सोलापूर आणि विठोबाचे पंढरपूर यांच्यामध्ये सापडलेल्या गावाची ओळख मराठी मनात 'फाटा' एवढीच राहिली. दिवेघाटातून पंढरपूरमार्गे येणारा नवा पालखी महामार्गही मोहोळलाच येऊन पुण्याच्या रस्त्याला मिळतो. सर्व रस्ते येथे येतात ते पुढे जाण्यासाठी. (नावाचीही एक गंमत आहे. 'आठवणींचे मोहोळ उठले' हे वाक्य मराठी ललित गद्यात इतके झिजले आहे की आमच्या गावाचे नाव परगावच्या विद्यार्थ्याला सांगताना तो हटकून मधमाश्यांकडे जातो.)

आणि तरी हे गाव कोरे नाही. उलट इतिहासाचे ओझे वाहणाऱ्या कितीतरी प्रसिद्ध गावांपेक्षा येथील जमीन अधिक थरांची आहे. गावात नागनाथाचे मंदिर आहे. काही अंतरावर वडवळ आहे. नागेश संप्रदायाचे हे मूळ क्षेत्र. मानूर, मोहोळ, वडवळ ही त्या परंपरेतील स्थळे. हेगरस, अज्ञानसिद्ध ही तिच्यातील नावे. नाथपंथाशी नाते सांगणारी, शैव वळणाची, लिंगायत परिसराशी शेजार असलेली आणि मुसलमान शिष्यांनाही आपल्या परंपरेत मोजणारी अशी ही धारा आहे. कन्नड आणि मराठी, शरण आणि सूफी, वारी आणि मठ हे सर्व जेथे एकमेकांच्या अंगणातून ये-जा करत होते, त्या भूभागातच असा संप्रदाय उगवू शकतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकाने अशा परंपरांकडे आयुष्यभर लक्ष वेधले. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची जी रचना आम्ही वर्गात शिकवतो, तीत महानुभाव, वारकरी, दत्त, समर्थ अशी दालने ठरलेली आहेत, आणि नागेश संप्रदाय 'इतर' या दालनात, बहुधा एका ओळीत येतो.

याचा परिणाम वर्गात दिसतो. वडवळहून येणारी मुलगी एकनाथांचे पैठण, रामदासांची चाफळ, मुकुंदराजांचे अंबेजोगाई हे सारे उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहिते. हेगरस हे नाव तिने घरी ऐकलेले असते, आजीच्या तोंडून, यात्रेत. परंतु ते नाव 'अभ्यासात' येऊ शकते, ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा भाग आहे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. सांगणार कोण? जो शिकवतो तो वडवळला गेलेला नाही. जो वडवळला राहतो त्याला कुणी शिकवायला बोलावलेले नाही. आमच्या मते अप-डाऊनचा खरा तोटा हा आहे. तास बुडतात, उशीर होतो, हे तोटे मस्टरवर दिसतात. हा तोटा कुठल्याच रकान्यात येत नाही.

इतिहासाचा विषय निघालाच आहे, तर या परिसराने पाहिलेल्या सर्वांत मोठ्या स्थलांतराचाही उल्लेख करू. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची मुख्य छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती. तिचे नाव त्याने इस्लामपुरी ठेवले होते. ब्रह्मपुरी आणि माचणूर आज मंगळवेढे तालुक्यात येतात, आणि नदीच्या या तीरावरचे बेगमपूर मोहोळ तालुक्यात. एका अफाट साम्राज्याचा कारभार चार वर्षे या भीमेकाठच्या तंबूंतून चालला. दिल्लीचा बादशहा येथे 'मुख्यालयी' राहिला! एवढे मोठे बिढार या भागाने पुन्हा पाहिले नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण रोज बेगमपूरच्या पुलावरून येतात. त्यांना 'ऐतिहासिक' हा शब्द उच्चारला की रायगड आठवतो.

बिढार हा शब्द सहज लिहून गेला. साहित्याच्या वाचकाला तो लगेच नेमाड्यांपाशी नेईल. आणि न्यायलाच हवा. मराठी कादंबरीत शहर सोडून छोट्या गावात जाणाऱ्या प्राध्यापकाचे सर्वांत विस्तृत चित्रण भालचंद्र नेमाडे यांनी चांगदेव पाटील या नायकाच्या चतुष्टयात केले आहे. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७), 'झूल' (१९७९) ही त्यातील शीर्षके आमच्या पिढीने अभ्यासक्रमाबाहेर आणि नंतर अभ्यासक्रमात अशी दोनदा वाचली. मुंबईतून बाहेर पडलेला चांगदेव गावोगावच्या महाविद्यालयांत शिकवतो. संस्थाचालकांची मर्जी, जातींचे गट, स्टाफरूममधील कुजबुज, भाड्याच्या खोल्या, खानावळी यांचा त्यातील तपशील इतका खरा आहे की आजही एखाद्या संस्थेत नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाने तो मार्गदर्शिका म्हणून वाचावा. पण चांगदेव कुठेच वसत नाही. ते त्याचे वैशिष्ट्य आहे आणि त्याच्या पिढीचे प्रामाणिक दुःखही. बिढार पाठीवर असते. जमिनीवर ते टेकते तेवढ्यापुरतेच.

त्याआधीची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. व्यंकटेश माडगूळकरांचा तरुण मास्तर वाडीत येतो, वाडी त्याला आपला मानते, तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ पडतो. वाडी उठते, मास्तरही निघतो. मराठी साहित्यातील 'बाहेरून आलेला' मनुष्य असा नेहमी शेवटच्या पानावर निघालेला असतो. याच्या उलट बाजूला आहे ती गाव सोडून शहरात गेलेल्याची आठवण. तिचे तर आपल्याकडे पीकच आले. म्हणजे जाणारे आहेत, परतणारे आहेत, रमणारे आहेत; परंतु एखाद्या मध्यम गावात जाणीवपूर्वक येऊन, तेथे घरपट्टी भरून, नळाच्या पाण्याच्या वेळा पाठ करून, कंटाळूनही टिकून राहणारा माणूस आपल्या कादंबरीला फारसा नायक वाटलेला नाही. रंगनाथ पठारे यांनी संगमनेरात राहून 'ताम्रपट' लिहिली, राजन गवस यांनी गारगोटीत राहून 'तणकट'. या कादंबऱ्यांमधील गाव आतून कळलेले आहे, ते लेखक तेथे राहत होते म्हणून, असे आम्हांला वाटते. लेखक राहिला की कादंबरी चांगली होते, असा नियम मात्र यातून कुणी काढू नये. गावात आयुष्य काढून गावाविषयी कृत्रिम लिहिणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांची पुस्तके आमच्या कपाटात आहेत.

कादंबरीपेक्षा वाङ्मयाचा इतिहास या बाबतीत उदार आहे. मोरोपंत १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मले आणि ऐन तारुण्यात बारामतीला आले. तेथे बाबूजी नाइकांच्या आश्रयाने पुराणिक म्हणून राहिले आणि १७९४ मध्ये तेथेच वारले. पेशव्यांचे पुणे काही फार दूर नव्हते. पंडित कवीला मानमरातब हवा असेल तर तो तेथे होता. बारामतीत राहून या माणसाने आर्यांचा जो डोंगर रचला, त्याला 'आडगावचे साहित्य' असे कुणी म्हटले नाही. सोलापूरचे रामजोशी मोरोपंतांच्या सहवासाने तमाशाकडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या काळी वाङ्मयीन अधिकाराची वाट सोलापूरहून बारामतीकडे जाऊ शकत होती, हे तरी ती सांगते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुणे सोडले आणि ते १९२६ मध्ये वारले ते धुळ्यात. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तेथेच उभे राहिले. जी. ए. कुलकर्णी अनेक वर्षे धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले. पुण्याला आले ते अखेरच्या काळात.

सर्वांत बोलका दाखला वाईचा. पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटर, कृष्णेचे घाट, जुने वाडे. शहरातील माणसाला 'येथे येऊन राहावे' असे वाटायला लावणारे सगळे तेथे आहे. पण वाईला महत्त्व आले ते या देखाव्यामुळे नव्हे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी तेथे प्राज्ञपाठशाळा चालवली. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरहून लक्ष्मणशास्त्री जोशी तेथे शिकायला आले आणि वाईचेच झाले. १९६० मध्ये राज्य स्थापन झाल्यावर साहित्य संस्कृती मंडळाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि मराठी विश्वकोशाचे संपादकीय कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात न होता वाईत झाले. पहिला खंड १९७६ मध्ये आला. वीस खंडांचा तो प्रकल्प एका तालुक्याच्या गावात बसून केला गेला. मे. पुं. रेगे यांच्यासारखा मुंबईत प्राचार्यपद भूषवलेला तत्त्वचिंतकही उतारवयात त्या कामासाठी वाईशी जोडला गेला. मराठीतील ज्ञानव्यवहाराचे केंद्र महानगरातच असावे लागते, असे म्हणणाऱ्याने ते खंड एकदा हातात घेऊन पाहावेत. त्यांच्या वजनानेच मुद्दा पटेल.

वाईत जे घडले ते आपोआप मोहोळमध्ये घडेल, असे आम्ही म्हणत नाही. वाईला पाठशाळा होती, ग्रंथसंग्रह होता, आणि स्पष्टच बोलायचे तर एका विशिष्ट वर्गाची विद्यापरंपरा होती. मोहोळची परंपरा मठांची, यात्रांची, तोंडी चालत आलेल्या पदांची आहे; तिला कपाट मिळालेले नाही. पण संस्था माणसांच्या राहण्यातून उभ्या राहतात, हा वाईचा धडा दोन्हीकडे लागू पडतो. आमच्याच तालुक्यातील अंकोलीत अरुण देशपांडे यांनी 'विज्ञानग्राम' उभारले. पाणी साठवण्याचे, 'जलबँके'चे प्रयोग केले. गाव आणि शहर यांच्या मधली 'रूर्बन' वस्ती कशी असावी याची मांडणी केली. कमी पावसाच्या या टापूत ते काम टिकवणे किती चिवटपणाचे आहे, हे येथील उन्हाळा काढल्याशिवाय कळत नाही. शहरातून येणाऱ्यांविषयी बोलताना आम्हांला ते उदाहरण आवडते, कारण त्यात निसर्गाच्या कुशीत वगैरे काही नाही. त्यात पाण्याचा हिशेब आहे.

नेमकी हीच गोष्ट सध्याच्या 'चला, छोट्या गावात राहू' या शहरी उमाळ्यात नसते. महानगरातील घर भाड्याने देऊन जुन्या गावात वाडा घ्यायचा, त्याच्या चौकात तुळस लावायची आणि शांततेवर लेख लिहायचे, हा प्रकार आता मराठी पुरवण्यांना नवा नाही. हे वाचताना आम्हांला प्रश्न पडतो की या लेखांत गावातील माणसे कुठे असतात. दूधवाला असतो, कामवाली मावशी असते, एखादे 'निरागस' पोर असते. त्यांच्या घरची मुलगी बारावीनंतर शिकायला कुठे जाते, एसटी चुकली तर काय करते, हे त्या लेखात येत नाही. गाव म्हणजे देखावा, आणि आपण प्रेक्षक. अप-डाऊन करणारा प्राध्यापक आणि वाड्यात राहायला आलेला हौशी रहिवासी यांच्यात म्हणून आम्हांला फार अंतर दिसत नाही. एकाला गाव दिसत नाही. दुसऱ्याला गावाशिवाय काही दिसत नाही, पण तेही चित्रातले.

आता आक्षेप. ते खरे आहेत आणि सोपे नाहीत.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना 'येथे राहा' म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. ज्यांना महिन्याला किती तास मिळतील आणि त्यांचे पैसे केव्हा मिळतील याची खात्री नाही, जे एकाच आठवड्यात दोन गावांच्या महाविद्यालयांत शिकवतात, त्यांचे मुख्यालय एसटीचे आसन हेच असते. आमच्या विषयाचे किती अध्यापन या मंडळींच्या खांद्यावर चालले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांची नेमणूक कायम करा आणि मग त्यांना राहण्याविषयी विचारा. रात्री-बेरात्री छातीत दुखू लागले तर सोलापूर गाठावे लागते, हाही आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही.

पण याहून खोल आक्षेप जातीचा आहे, आणि साहित्याच्या माणसाने त्यापाशी थांबलेच पाहिजे. छोट्या गावात खोली मागायला गेले की पहिला प्रश्न पगाराचा नसतो, आडनावाचा असतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर "मूळचे कुठले?" येते. तेही पुरले नाही तर "जेवणात सगळे चालते का?" हा प्रश्न येतो. आमच्या एका दलित सहकाऱ्याने आम्हांला सरळ सांगितले, "तुम्हांला गाव सापडते, मला गाव ओळखते." या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याविषयी जे कठोर मत मांडले, ते याच अनुभवाचे वैचारिक रूप होते. 'बलुतं' (१९७८) असो, की आमच्याच जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्याच्या हन्नूरपासून सुरू होणारे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) असो, त्यांत गावाबाहेर पडणे हा मोकळा श्वास आहे, आणि शहरातही जात खोलीच्या दारापर्यंत येते हा त्याच्या पुढचा धक्का. तेव्हा जो सहकारी सोलापूरच्या गर्दीत अनोळखी राहणे पसंत करतो, तो काही चुकवेगिरी करत नाही. त्याने कमावलेले स्वातंत्र्य तो जपतो आहे. सक्तीचे 'मुख्यालयी राहणे' म्हणूनच आम्हांला मान्य नाही. भत्ता कापून कुणाला गावाचा करता येत नाही.

प्रश्न उरतो तो ज्यांना राहता येणे शक्य आहे त्यांचा. ज्यांची नोकरी कायम आहे, ज्यांच्या आडनावावर दार बंद होत नाही, अशांची संख्या आमच्या व्यवसायात कमी नाही, आणि आम्ही त्यांच्यातलेच. त्यांना तालुक्याचे महाविद्यालय म्हणजे शहरात जागा मिळेपर्यंतची वाट पाहण्याची खोली वाटते. खरा आक्षेप या वाटण्यावर आहे. कारण विद्यार्थी ते ओळखतात. शिकवणाऱ्याची नजर घड्याळाकडे आहे हे ज्याला तीन वर्षे रोज दिसते, त्याला आपले गाव ही सोडून जायचीच जागा आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

राहिल्याने काय कळते, याचा एकच दाखला देऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. माढा आणि मोहोळ तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्यात गेली, आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. तेव्हा '३५ किलोमीटर' आणि 'अर्धा तास' या शब्दांना काही अर्थ उरला नव्हता. पलीकडचे पलीकडे, अलीकडचे अलीकडे. पाणी ओसरल्यावर वर्ग भरले, आणि आम्ही तृतीय वर्षाच्या मुलांना, लिहावेसे वाटले तर लिहा, असे म्हटले. एरवी ही मुले निबंध लिहितात तेव्हा पाठ्यपुस्तकी मराठी लिहितात. 'बळीराजा' आणि 'निसर्गाचे रौद्र रूप' यांच्याशिवाय त्यांचा परिच्छेद पुरा होत नाही. या वेळच्या कागदांवर ते शब्द नव्हते. गोठ्यातील गाळ किती दिवस निघत होता, दावे कुणी कापले आणि कुणाचे कापायचे राहिले, भिजलेल्या ज्वारीला वास कसा येतो, वह्या कुठल्या दोरीवर वाळत घातल्या, असे लिहिलेले होते. एकाने पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलेले प्रश्न जसेच्या तसे उतरवले होते, फक्त प्रश्न, उत्तरे नाहीत. आम्ही ग्रामीण साहित्यावर पंधरा वर्षे व्याख्याने देत आहोत. 'अस्सल बोली', 'अनुभवाची प्रामाणिकता' हे शब्द आमच्या टिपणांत जागोजाग आहेत. ते शब्द ज्याच्याविषयी आहेत ती गोष्ट त्या चाळीस कागदांत होती. ते कागद त्या मुलांनी आम्हांला दिले याचे कारण, आमच्या अंदाजाने, इतकेच की त्या दिवसांत आम्ही त्यांना गावात दिसत होतो.

सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ म्हणून त्याची थट्टाही झाली. आम्हांला त्यात संधी दिसते. या एका जिल्ह्यात मंगळवेढ्याचे चोखोबा आणि कान्होपात्रा आहेत, नाझऱ्याचे श्रीधर आहेत, सोलापूरचे रामजोशी आहेत, वडवळचा नागेश आहे, हन्नूरचे लिंबाळे आहेत, शिवाय हातमागावर तेलुगू बोलणारी आणि घरात कानडी बोलणारी माणसे आहेत. 'मराठी वाङ्मयाचा इतिहास' या जिल्ह्यातून सुरू करून महाराष्ट्रभर नेता येईल, इतकी सामग्री येथे आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वडवळच्या आणि मोहोळच्या घरांतून नागनाथाची जी पदे अजून म्हटली जातात, ती ध्वनिमुद्रित करून, म्हणणाऱ्याच्या नावासह उतरवून घेणे एवढ्यापासून प्रारंभ होऊ शकतो. म्हणणाऱ्या बहुतेक बाया सत्तरीच्या पुढच्या आहेत, आणि त्या दिवसा शेतात किंवा घरकामात असतात. पदे म्हटली जातात रात्री जेवणे झाल्यावर, शेवटची सोलापूरची गाडी निघून गेल्यानंतर.